लाडूचं प्रकरण: संध्याकाळी सात ते साडेनऊ

मी कुत्र्यांना ट्रेनिंग देते, त्यातली एक केस अशी आहे. पुण्यात नदीपात्राजवळ, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, घरात आजी-आजोबा, नोकरी करणारे आई-बाबा, चौथीतली मुलगी आणि लॅब्रॅडॉरचं एक पिल्लू, नर, वय 11 आठवडे. नाव लाडू. (घरच्यांची ओळख देत नाहीये, आणि लाडूचं नावही बदललंय, खरं नावसुद्धा खाण्याचंच होतं एवढं सांगते.) जुलैची सुरुवात, पाऊस नुकता लागलेला.

फोन आईचा आला आणि सगळी तक्रार एका दमात. चावतो, सगळ्यांना चावतो, आजींच्या पायातून रक्त काढलंय, देवघरासमोरच्या सतरंजीवरच शू करतो, बाल्कनीत नेलं तर नुसता बसून राहतो आणि आत आला की लगेच करतो, हाक मारली तर ढुंकून बघत नाही, आणि तुम्ही त्याला सिट, स्टे, शेकहँड हे सगळं किती दिवसांत शिकवाल? शेवटचा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात येतो. लोकांना वाटतं कुत्रं बसायला शिकलं की बाकीचं आपोआप सुधारेल. पण ह्या केसमध्ये आज्ञा शिकवणं हे सगळ्यात छोटं काम निघालं, सगळ्यात मोठं निघालं त्याला झोपवणं. म्हणूनच ही केस लिहून काढतेय.

आधी रक्ताचं बघू. पिल्लाचा दात लागून रक्त आलं की घरचे बहुतेक हळद लावून मोकळे होतात, "घरचंच तर आहे". रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, म्हणजे लाडूची अजून व्हायची होती. अशा वेळी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली 15 मिनिटं धुवायची आणि माणसांच्या डॉक्टरांना दाखवायची, इंजेक्शन लागेल की नाही ते तेच ठरवतील, मी नाही आणि शेजारचे काकाही नाहीत. आजींना मुलगा दवाखान्यात घेऊन गेला, तो विषय तिथे मिटला.

मग लसीकरणाचं कार्ड मागितलं. मला ट्रेनिंगच्या आधी कार्ड बघायची सवय आहे कारण त्यावर जन्मतारीख असते, आणि इथे तीच बोलकी निघाली. विकणाऱ्याने "दोन महिन्यांचं झालंय" सांगून पिल्लू दिलं होतं, तारखा मोजल्या तर लाडू घरी आला तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचा होता. 2017 सालच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तरी सर्रास विकतात कारण लहान पिल्लू जास्त गोंडस दिसतं आणि पटकन खपतं. ह्याचा चावण्याशी थेट संबंध आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या काळात पिल्लं भावंडांशी दिवसभर कुस्ती करतात, एकानं जोरात चावलं की दुसरं किंचाळतं, खेळ सोडून निघून जातं, आई गुरकावते, आणि ह्यातून जबडा किती दाबायचा ते कळायला लागतं. लाडूचे नेमके ते दोन आठवडे बुडाले. दुधाचे दात 28 असतात आणि सुईसारखे टोकदार, त्यामुळे जोर बेताचा असला तरी लागतं भरपूर. म्हणजे पिल्लू रागीट नव्हतं, त्याचा अभ्यासक्रम अर्धवट राहिला होता आणि तो आता माणसांच्या घोट्यांवर पूर्ण करत होता.

मी मुद्दाम संध्याकाळी गेले, कारण फोनवर आई म्हणाली होती "दिवसा तसा बरा असतो, संध्याकाळी अंगात येतं त्याच्या".

सात वाजत आलेले. मुलगी क्लासहून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं, लाडू तिच्याकडे धावला, ती "ईईई" करत सोफ्यावर चढली, तो उड्या मारून तिचे मोजे ओढायला लागला. आजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तर त्याने मोजे सोडले आणि साडीचा काठ धरला, आजींनी काठ ओढला, त्यानेही ओढला. खरं सांगायचं तर त्याच्या दृष्टीने ह्याच्याइतका मस्त खेळ दुसरा नाही, दोरी आहे आणि पलीकडून कोणीतरी तितक्याच जोराने ओढतंय. आजोबा खुर्चीतून "अरे लाडू, ए शोन्या, ए बाळा, सोड रे" करत एक ग्लुकोज बिस्किट दाखवत होते, त्याने काठ सोडून बिस्किट खाल्लं आणि परत काठ धरला. (हे पिल्लू मंद आहे असं मला कोणी सांगू नये, दोन मिनिटांत त्याने आजोबांना बिस्किट काढायला शिकवलं होतं.) तेवढ्यात बाबा आले. त्यांनी लाडूला उचलून फरशीवर उताणं दाबलं, एका हाताने तोंड मिटून धरलं आणि "नो!" म्हणाले. सोडल्यासोडल्या लाडूने त्यांच्या मनगटावर झडप घातली, आधीपेक्षा जोरात.

आणि ह्या सगळ्याच्या पाठीमागे बाहेरून ढोल चालू होता. जून-जुलैपासून गणपतीपर्यंत नदीपात्रात पथकांचा सराव असतो हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. घरच्यांच्या तो इतका अंगवळणी पडलाय की मी "हा आवाज रोज असतो का?" विचारलं तर आई म्हणाली, "कसला आवाज?"

त्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही. फक्त एक काम दिलं, व्हॉट्सअपवर घरचा ग्रुप होताच, त्यात लाडू झोपला की "झोपला", उठला की "उठला", शू, शी, चावला, एवढंच वेळेसकट टाकायचं. कोणी काही सुधारायला जायचं नाही, नुसतं टिपायचं. मुलीला हे काम भयंकर आवडलं, तिने चावल्याच्या नोंदीपुढे कोणाला आणि कुठे हेही लिहिलं.

नोंदी जोडून बघितल्या तर चित्र लख्ख होतं. ह्या वयाचं पिल्लू दिवसाच्या 24 तासांत 18 ते 20 तास झोपतं, म्हणजे झोपायला हवं. लाडूची झोप सगळी मिळून 12 तासांच्या आसपास भरत होती आणि तीही तुकड्यातुकड्यांत. सकाळी मुलीची शाळेची गडबड, मग कामवाल्या मावशी, मग कुरिअर, मग आजोबांना भेटायला येणारे लोक, आणि आलेला प्रत्येक जण झोपलेल्या पिल्लाला "अगंबाई किती गोड" करून उठवणारच. दुपारी चार-साडेचारला तो जरा गाढ झोपायला लागायचा, तर साडेपाचला चहा, कुकर, आणि सहा-साडेसहाला ढोल. त्याचं अंथरूण हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी होतं, म्हणजे घरातली सगळ्यात जास्त आवाजाची आणि रहदारीची जागा. चावल्याच्या जवळपास सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते साडेनऊमधल्या. अंगात येत होतं ते हेच. लहान मूल झोपेला आल्यावर कसं किरकिर करतं, डोळे चोळत आणखीनच नाचतं, तसंच आहे हे, फक्त ह्या मुलाला 28 टोकदार दात आहेत.

घरच्यांना हे पटायला वेळ लागला. बाबा म्हणाले, "म्हणजे मी त्याला झोपवायचं? मला वाटलं तो डॉमिनन्स दाखवतोय." त्यांनी व्हिडिओ बघितले होते, ज्यात कुत्र्याला आपण अल्फा, म्हणजे कळपाचे म्होरके, आहोत हे दाखवून द्या म्हणतात, उताणं दाबा, आधी आपण जेवा वगैरे. ही कल्पना मुळात लांडग्यांवरून आली. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल ह्या संशोधकाने प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून मांडलं की कळपात वर चढण्यासाठी सतत चुरस असते, पुढे डेव्हिड मेक ह्यांच्या 1970च्या पुस्तकामुळे अल्फा शब्द घरोघरी गेला. पण ह्याच मेकसाहेबांनी नंतर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि 1999 साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, ह्यात अल्फा वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. आणि पिल्लू तर लांडगाही नाही. हे मी बाबांना सांगितलं खरं, पण त्यांना पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी म्हटलं, नुसता हात त्याच्या डोक्याकडे न्या. त्यांनी हात नेला, लाडूने मान खाली घालून कान मागे घेतले आणि ओठ चाटला. मुलीने हात नेला तर शेपूट हलवत पुढे आला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर उताणं दाबणं बंद झालं.

आता काय काय बदललं. झोपेची जागा पहिली. आतल्या बेडरूममध्ये कपाट आणि भिंत ह्यांच्या मधल्या कोपऱ्यात प्लेपेन, म्हणजे दार असलेलं जाळीचं छोटं कुंपण, लावला, त्यात अंथरूण, पाण्याचं भांडं, एक चावायचं खेळणं, पडदे ओढलेले, पंखा मोठा करून ठेवायचा म्हणजे त्याच्या घरघरीत ढोलाचा आवाज थोडा बुडतो. नियम साधा, तासभर जागा की त्याच्या पुढे झोप, आणि झोपलेल्याला कोणीही, पाहुण्यांनीसुद्धा, उठवायचं नाही. मुलीने पुठ्ठ्यावर "लाडू झोपला आहे, बेल वाजवू नये" लिहून दारावर लावलं, तो पुठ्ठा कुरिअरवाले पाळत नव्हते पण नातेवाईक पाळायला लागले.

प्लेपेनमध्ये नुसतं टाकून दार लावायचं नाही हेही सांगितलं होतं. आधी आत जेवण, मग आत चावायचं खेळणं आणि आपण बाहेर बसलेलो, मग दार दोन मिनिटं बंद, असं वाढवत न्यायचं. तरी दोन-तीन दिवस संध्याकाळी तो ओरडला, आणि मी आधीच म्हटलं होतं तसं सुटायच्या आधी ओरडणं वाढलं. हे नेहमीचं आहे, ज्या युक्तीने आजवर काम होत होतं ती चालेनाशी झाली की प्राणी ती युक्ती आधी दुप्पट जोराने करून बघतो. शूला जायचंय, तहान लागलीय की नुसता कंटाळा आलाय हे बघायचं, पहिल्या दोन्हींची सोय झालेली असेल तर क्षणभर गप्प होईल तेव्हा जवळ जायचं. इथे आजोबांचा धीर सुटला. कोणाचं लक्ष नाही बघून त्यांनी जाळीतून बिस्किट दिलं. दुसऱ्या दिवशी नाही दिलं, तिसऱ्या दिवशी दिलं. कधी मिळतं कधी मिळत नाही ह्याच्याइतकी चिकट सवय कशानेच लागत नाही, लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस त्याच्याचमुळे रांगेत उभा असतो. ओरडण्याची वेळ पाच मिनिटांवरून थेट अर्ध्या तासावर गेली. शेवटी आजोबांनाच काम दिलं, रोजच्या डॉग फूडमधली एक वाटी त्यांच्या ताब्यात, आणि लाडू गप्प पडून आहे असं दिसलं की जाऊन दोन दाणे त्याच्या पुढ्यात टाकायचे. माणूस तोच, प्रेम तेच, फक्त द्यायची वेळ बदलली. ओरडणं आटोपलं.

चावण्यासाठी प्रत्येकाला एकेकच गोष्ट सांगितली, कारण पाच जणांना पाच-पाच सूचना दिल्या की कोणीच काही करत नाही. मुलीने पळायचं नाही आणि किंचाळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी. "जोरात ओरडा म्हणजे त्याला कळतं" असा सल्ला खूप फिरतो, काही पिल्लं थबकतात, पण लाडूसारखं चेकाळलेलं पिल्लू ओरडण्याने आणखी चेकाळतं. आई-बाबांनी दात लागले की न बोलता उठून फळीच्या पलीकडे जायचं (स्वयंपाकघराच्या दाराला गुडघ्याएवढी फळी लावली होती), अर्ध्या मिनिटाने परत यायचं. माणूस जाणं हीच शिक्षा, आणि तीही दाताच्या क्षणी, नंतर पाच मिनिटांनी रागावून काही उपयोग नाही.

आणि आजी. आजींच्या हातात मी जुन्या सुती साडीची विणलेली वेणी दिली, जाड, हातभर लांब. साडीच्या काठाकडे यायला लागला की वेणी जमिनीवर नागमोडी ओढायची, काठ मात्र स्थिर. हलतं ते धरावं हे पिल्लाचं उपजत आहे, म्हणून हलणारी वस्तू आपल्या सोयीची असली पाहिजे. दात शिवशिवत असल्यावर गार गाजर, ओलं करून फ्रीजरमध्ये ठेवलेलं फडकं. आजी ह्या घरातल्या सगळ्यात उत्तम ट्रेनर निघाल्या हे मी कोणाला खूश करायला म्हणत नाहीये. त्या दिवसभर घरी, हालचाल संथ, आवाज एकाच पट्टीत, आणि एकदा नाही म्हटलं की नाही. बाबा दमून आल्यावर एक दिवस कडक आणि एक दिवस लाड, आई मीटिंगमध्ये, मुलगी मुलगीच. कुत्र्याला सातत्य लागतं आणि सातत्य घरात ज्याच्याकडे आहे त्याच्या हातात सूत्रं द्यावीत, बहुतेक घरांत ती व्यक्ती सत्तरीच्या पुढची असते आणि तिला कोणी विचारलेलं नसतं.

आजींचा एकच आक्षेप होता, चिकन. पुस्तकं, व्हिडिओ सगळे उकडलेलं चिकन घ्या म्हणतात, आणि ह्या घरात अंडंही येत नाही. काही अडत नाही. रोजचे दाणे साध्या सरावाला, आणि अवघड कामाला पनीर, तुकडा तुरीच्या डाळीएवढा, ह्याहून मोठा नको. ट्रीट सगळ्या मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत. बिस्किटं बंद. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा हे कुत्र्याला विषारी असतं, आणि देवघर खालच्या उंचीवर असल्यामुळे नैवेद्याच्या वाटीत बेदाणे असतात ही गोष्ट मला तिथे उभं राहिल्यावरच लक्षात आली, ती वाटी वरच्या फडताळात गेली.

शूचा प्रश्न मला चावण्यापेक्षा जास्त रंजक वाटला. घरचे म्हणत होते मुद्दाम करतो, देवासमोरच करतो, सूड घेतो. बाल्कनीत नुसता बसतो आणि सतरंजीवर करतो, ह्याचा अर्थ काय? विकणाऱ्याकडे पिल्लं कशावर ठेवली होती ते फोन करून विचारायला लावलं. उत्तर आलं, गोणपाटावर. साधारण आठ-नऊ आठवड्यांपर्यंत पायाखाली जे लागतं त्यावर करायची सवय पक्की होते. लाडूच्या पायांना कळतं की मऊ, खरखरीत, शोषून घेणारं आहे म्हणजे इथे करायचं. बाल्कनीत गुळगुळीत टाइल्स, वर पावसाने ओल्या, आणि घरात गोणपाटाच्या सगळ्यात जवळचं काय, तर देवासमोरची सतरंजी. त्याच्या हिशेबाने तो अगदी शहाण्यासारखा संडासात जात होता.

म्हणून सतरंजी गुंडाळून माळ्यावर, देवघरापुढे लाकडी पाट. बाल्कनीच्या कोपऱ्यात, जिथे पावसाची झड येत नाही तिथे, पसरट ट्रेमध्ये गोणपाट आणि त्यावर आधीच्या शूने ओला झालेला कागदाचा तुकडा, वास यावा म्हणून. झोपून उठला, खाल्लं, खेळून झालं, ह्या तिन्हीनंतर लगेच उचलून तिथे न्यायचं, बोलायचं नाही, खेळायचं नाही, झालं की त्याच जागी पनीर. आत आल्यावर दिलं तर आत येण्याचं बक्षीस होतं, तेव्हा डबी बाल्कनीतच ठेवा. जागेपणी किती वेळ धरवतं ह्याचा ढोबळ हिशेब, वय महिन्यांत अधिक एक, तेवढे तास, तेही फार फार तर. तीन महिन्यांच्या पिल्लाकडून सहा तासांची अपेक्षा ठेवून नंतर त्याचं नाक त्या शूमध्ये घासणं हा निव्वळ छळ आहे, आणि नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, मग ते सोफ्याच्या मागे करतं. चुकून आत झालंच तर फिनाईलने पुसायचं नाही, आपल्याला सुगंध येतो पण त्याच्या नाकाला खालचा वास तसाच राहतो, शिवाय चाटलं तर पोटात जातं. पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाईमचं क्लीनर आणलं. नंतर गोणपाटाच्या जागी हळूहळू हिरवळीचा तुकडा, म्हणजे पुढे खाली गवतावर नेलं की ओळखीचं लागेल.

खाली नेण्यावरून घरात वाद होता. व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, सांगितलं होतं लसीचे सगळे डोस होईपर्यंत जमिनीवर सोडू नका, आणि ते बरोबर आहे, पार्व्होचा, म्हणजे जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा, विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि पिल्लांचे जीव जातात. पण दुसऱ्या बाजूने साधारण तीन ते चौदा आठवडे हाच काळ असा असतो की जे बघेल, ऐकेल ते "चालतंय" ह्या कप्प्यात जातं, नंतर नवीन गोष्टीची भीती आधी येते. डोस पूर्ण व्हायला सोळा आठवडे लागतात. म्हणजे घरात कोंडून ठेवलं तर हा काळ गेला. ह्यातला मार्ग व्हेटशी बोलूनच काढला, जमिनीवर पाय नाही पण कडेवर जग. आई रोज ऑफिसच्या आधी त्याला ओढणीत बांधून सोसायटीच्या बाकावर बसायची, रिक्षा, वॉचमनची शिट्टी, छत्र्या, रेनकोटवाले, कचऱ्याची गाडी, कुबडी घेऊन चालणारे एक काका. प्रत्येक नवीन गोष्टीला एक दाणा. लिफ्टमध्ये एका बाईंनी कुत्र्याला लिफ्ट बंद आहे असं ऐकवलं, तर आईने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचना मोबाईलवर दाखवल्या, सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही. भांडण वाढलं नाही, पण महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्ड आपल्या बाजूने तयार ठेवा, असं मी सगळ्यांनाच सांगते.

ढोलाचंही ह्याच काळात केलं. सराव सुरू झाला, पहिला ठोका पडला की आजी पनीरची डबी उघडणार, ढोल थांबला की डबी बंद. क्रम महत्त्वाचा, आधी ढोल मग पनीर. आधी डबी उघडली आणि मग ढोल वाजला तर उलटं होऊन डबीचीच भीती बसू शकते. सुरुवात आतल्या खोलीतून, जिथे आवाज बारीक, मग हॉल, मग बाल्कनीचं दार किलकिलं. कान मागे गेले, धापा टाकायला लागला, पनीर नको म्हणाला की एक पाऊल मागे. काही दिवसांनी ढोल सुरू झाला की लाडू बाल्कनीकडे न बघता स्वयंपाकघराकडे बघायला लागला.

आणि आज्ञा? ह्यात सांगण्यासारखं फार नाही. आधी सगळ्यांनी मिळून शब्द ठरवले, कारण बाबा सिट म्हणायचे, मुलगी बैठ आणि आजी खाली बस. ठरलं "बस". हाक एकच, लाडू, आणि लाडू म्हटलं की काहीतरी चांगलंच मिळणार, रागवायला, नखं कापायला, प्लेपेनमध्ये टाकायला नाव घ्यायचं नाही. शोन्या, बाळा हे आजोबांना तोडवेना, तर ते मांडीवर घेतल्यावर. बसायला शिकवताना दाणा नाकासमोरून डोक्यावरून मागे न्यायचा, मान वर गेली की बूड आपसूक टेकतं, टेकलं त्या क्षणी "हो!" आणि दाणा. "हो" सेकंदभरही उशिरा आलं तर त्याने त्या सेकंदात जे केलं असेल, उडी, भुंकणं, त्याचे पैसे मिळतात. सराव दोन-तीन मिनिटांचा, जेवणाच्या आधी, दिवसातून काही वेळा. अर्धा तास क्लास घेतला की पिल्लू आणि माणूस दोघांचं डोकं फिरतं. "सोड" अदलाबदलीने, तोंडातला मोजा हवाय तर पनीर पुढे करायचं, मोजा सुटला की पनीर, आणि शक्य असेल तेव्हा ती वस्तू परत त्यालाच द्यायची. बोटं घालून हिसकावत राहिलं तर मोठेपणी वस्तूवर गुरगुरणारा कुत्रा तयार होतो. शेकहँड मी शिकवलं नाही. उड्या मारणाऱ्या लॅबला पंजा उचलायचे पैसे कशाला द्या. मुलीने स्वतःच शिकवलं, आता तो पाहुण्यांच्या गुडघ्यावर पंजा आपटतो, असो.

परिणाम कधी दिसला? झोप वाढली त्याच आठवड्यात संध्याकाळच्या नोंदी निम्म्याहून कमी झाल्या, अजून एकही आज्ञा धड येत नव्हती तेव्हा. पूर्ण थांबलं नाही आणि ह्या वयात थांबणारही नव्हतं, पण दाताचा जोर उतरत गेला, आधी साडीला भोकं पडायची, मग नुसती लाळ. चार महिन्यांचा झाल्यावर दुधाचे दात पडायला लागले, आजींना एक दात पाटाखाली सापडला, त्या काळात पुन्हा फर्निचरवर संकट आलं आणि गाजरांचा खप वाढला. शू बाल्कनीत बसली, पावसाच्या झडीचे दिवस सोडून. गणपतीत मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा त्याला आतल्या खोलीत ठेवलं होतं, सरावाचे ढोल वेगळे आणि खिडकीखाली ताशासकट अख्खं पथक वेगळं, तिथे परीक्षा घ्यायची नसते. दिवाळीच्या फटाक्यांचंही तेच.

सध्या तो आठ महिन्यांचा आहे, अंगापिंडाने मोठा झालाय आणि कान पुन्हा बंद पडलेत. "बस" घरात येतं, खाली दुसरं कुत्रं दिसलं की येत नाही. हे वयात येणं आहे, ह्याला शिकवलेलं विसरला म्हणत नाहीत, आवाज, माणसं, अंतर कमी करून तेच धडे परत घ्यायचे. पट्टा ताणला की बाबा जागच्या जागी थांबतात, सैल झाला की चालतात, त्यामुळे दूध आणायला पूर्वी दहा मिनिटं लागायची ती आता पंचवीस लागतात. नसबंदी कधी करायची ते व्हेटशी बोलणं चाललंय, मोठ्या जातीत घाई करू नये असं त्यांचं मत आहे. आणि दाराची बेल अजून बाकी आहे. बेल वाजली की लाडू जागेवर, म्हणजे दाराजवळच्या चटईवर, जाऊन बसायला हवा, त्यासाठी मुलगी रोज बाहेर जाऊन बेल वाजवते, आत आजी डबी घेऊन तयार, दार उघडायचंच नाही, नुसती बेल आणि चटई. शेजारचे विचारतायत तुमच्याकडे एवढं कोण येतं म्हणून.